भीमू कुठवर आला?

जयलक्ष्मीपुरम, म्हैसूर
१२ सप्टेंबर १९६७

चि. भीमसेन यास,

तुझी पुठ्ठ्याची नळी काल मिळाली. पोस्टमनने ती फाटकाच्या गजांत वाकवून खोचली होती. पण तू आतून बांबूची पट्टी घातली होतीस, म्हणून चित्र शाबूत आहे.

मारिकोचा मुक्काम मी आजवर फक्त लायब्ररीतल्या पुस्तकात पाहिला होता, तोही काळापांढरा. त्या खाणावळीमागचं आकाश असं गुलाबी आहे हे मला काय माहीत! वर विरत जाणारा तो रंग छापताना लाकडी ठशावरच पुसून पुसून आणतात. तीस वर्षं मुलांना ड्रॉइंग शिकवलं, पण असा हात मला साधला नसता. भिंग घेऊन पाहिलं तर आकाशात लाकडाच्या रेषासुद्धा उमटल्या आहेत. छाप नवा असला तरी कोरणारा जुन्या तालमीतला असणार.

नंजनगूडहून तुंगा मावशी आली आहे, थोडे दिवस राहील. तिने विचारलं, “भावोजी, ही कसली चित्रं जमवता?” तिला सांगितलं, जपानात एदोहून, म्हणजे आताच्या टोकियोहून, क्योतोला जाणारा एक जुना रस्ता आहे, तोकाइदो. आगगाडी येण्याआधी लोक तो पायी चालत. वाटेत त्रेपन्न मुक्काम, आणि एकेका मुक्कामाचं एकेक चित्र. मार्केटमागच्या रद्दीवाल्याकडे मला त्यातलं पहिलं सापडलं, कसरीने खाल्लेलं, तेव्हा तू पाळण्यात होतास. रेशमाच्या शिक्षणाला तुला जपानलाच पाठवतील आणि तेही त्याच रस्त्याच्या टोकाला, हे तेव्हा कोणाला ठाऊक! मावशी म्हणाली, “हौदा? असं का? म्हणजे पोराने रेशमासाठी नाही, तुमच्या चित्रांसाठी देश सोडला.”

खाली आईसाठी जागा सोडली आहे.

तुझा अप्पा

भीमू, चित्र बघितलं. पाप, ती बाई पाठीला बाळ बांधून दोघा गड्यांना वाढते आहे. त्यांनी आपलं आपण वाढून घेतलं तर हात झिजतील का? आकाशाचं अप्पा सांगतीलच. तू वेळेवर जेव. आई.


क्योतो
५ ऑक्टोबर १९६७

तीर्थरूप अप्पांस,
शि. सा. नमस्कार.

पुढच्या वेळी नळीवर मोठ्या अक्षरांत ‘वाकवू नये’ असं कन्नडमध्ये लिहून पाठवतो. हॉस्टेलमधले सगळे बघायला जमतील.

ज्या दुकानातून मी चित्रं घेतो तिथल्या म्हाताऱ्या मालकाला आईच्या ओळी मोडक्या जपानीत सांगितल्या. ‘पाप’ हा शब्द समजावताना घाम फुटला. म्हटलं, आमच्या मूळच्या मराठीत याचा अर्थ वेगळा आहे, पण आमच्या गावच्या कन्नडात कोणाची कीव आली की म्हणतात, बिचारा अशा अर्थी. आणि माझ्या आईला दिवसातून शंभरदा कीव येते. तो एवढा हसला की चष्मा काढून पुसावा लागला. आता मी गेलो की आधी विचारतो, “आई काय म्हणाल्या?”

अप्पा, तुमचं पत्र मी दोनदा वाचतो. पण खरं सांगू? आधी खालच्या ओळी वाचतो.

या नळीत शिमादाचा मुक्काम आहे. नदीवर पूल नाही, हमाल प्रवाशांना खांद्यावरून पार नेतात. माणसं फार बारीक आहेत, भिंग घ्यावंच लागेल. कागद हाताने चाचपून बघा. ज्या झाडाच्या सालीपासून तो करतात ते आपल्या तुतीच्या नात्यातलं. म्हणजे माझे किडे आणि तुमची चित्रं एकाच घरचं खातात.

आईला सांगा, जेवतो.

आपला
भीमसेन


जयलक्ष्मीपुरम, म्हैसूर
२४ नोव्हेंबर १९६७

चि. भीमसेन यास,

शिमादा पोचला. नदीचा निळा दोन वेळा छापलेला आहे, एकदा फिका आणि एकदा काठाशी गडद. मी ते कडुनिंबाचा पाला घालून टीपकागदात ठेवलं आहे. सागवानी पेटी पुरेना, मेटगळ्ळीच्या एका सुताराला दुसरी करायला सांगितली आहे.

आईला जरा अशक्तपणा आहे. हवा बदलली की तिचं असं होतंच. तुंगा मावशी अजून इथेच आहे, तिला आवडतं इथे. काळजीचं कारण नाही.

मला एक हवं आहे, जमलं तर बघ. हाराचा मुक्काम. मागे फुजी पर्वत एवढा मोठा की चौकटीच्या बाहेर गेला आहे. घाई नाही.

अप्पा

भीमू, खांद्यावर बसलेली ती बाई. पाप, लाजेने डोळे मिटले असतील. पाणी गार असेल. आई.


क्योतो
१४ जानेवारी १९६८

तीर्थरूप अप्पांस,
शि. सा. नमस्कार.

हारा मिळाला! सोबत पाठवतो आहे. फुजीचं टोक खरंच चौकट फोडून वर गेलं आहे.

आईचं अक्षर गेल्या पत्रात वाकडं वाटलं. ती कधी दोन ओळींत थांबत नाही. काय झालंय नीट लिहा. अशक्तपणा म्हणजे काय? डॉक्टरला दाखवलंत का?

मार्चच्या मध्यापासून मला महिनाभर सुट्टी आहे. प्रोफेसर म्हणतात, घरी जायचं असेल तर विमानाची सोय खात्यातून करता येईल, फक्त आधी सांगायला हवं. वरचे मुक्काम मी अजून पाहिलेले नाहीत, मित्र हाकोनेला चल म्हणतात. पण घरी यायचं असेल तर हाकोने काय, पुढच्या वर्षीही तिथेच असेल.

येऊ का? तुमच्या उत्तराची वाट बघतो.

आपला
भीमसेन


जयलक्ष्मीपुरम, म्हैसूर
२ फेब्रुवारी १९६८

चि. भीमसेन यास,

येऊ नकोस. आईचं स्पष्ट म्हणणं आहे. तिच्या मनगटाला कळ लागते म्हणून ती सांगते आहे आणि मी लिहितो आहे, अक्षरन् अक्षर तिचं:

“भीमू, महिनाभरासाठी एवढ्या लांब येऊन काय करणार आहेस? आलास की परत जाताना मलाच रडायला लावशील. थेसिस पुरा कर आणि मग ये, म्हणजे परत जायचं नाव नको. आता हाकोनेला जा. चालत जा आणि काय काय बघितलंस ते मला लिही. अप्पांना आकाशाचं लिही, मला माणसांचं लिही.”

हारा फार उत्तम आहे. फुजीवर पहाटेचा लाल फक्त कडेला लागला आहे.

अप्पा


हाकोने
६ एप्रिल १९६८

ती. सौ. आईस,
सा. नमस्कार.

हे पत्र तुझ्या नावाने, कारण ही आज्ञा तुझी. अप्पांनी वाचून दाखवावं.

चढण जुन्या दगडी फरसबंदीची. दोन्ही बाजूंना एवढे उंच देवदार की दुपारीही दिवा लावावासा वाटतो. धुकं होतं, सरोवर दिसलंच नाही. अप्पांना सांग, आकाश नव्हतंच, त्यामुळे त्यांच्यासाठी काही नाही.

पण माणसं होती. एक बाई नवऱ्याला पाठीमागून ढकलत होती आणि तोंडाने त्याच्या आईला बोलत होती, म्हणजे तसंच काहीतरी असावं. एक भिक्षू भर चढणीत बसून चपलेचा बंद बांधत होता. मी मदत केली, तर त्याने मला अर्धं संत्रं दिलं.

वर गवताने शाकारलेलं एक चहाचं दुकान आहे. तिथे तांदळाचं गोड, गरम काहीतरी देतात. आपल्या पायसाला पाणी घालून पातळ केलं तर तसं लागेल. दुकानातल्या आजीने विचारलं, घरी कोण असतं? माझी जपानी तू ऐकायला हवी होतीस. मी पाकिटातला तुझा फोटो काढून दाखवला. ती आत गेली आणि आणखी एक पेला भरून आणून तुझ्या फोटोपुढे ठेवला, हात जोडले. इथे गेलेल्या माणसांपुढे असं ठेवतात. मी घाईघाईने म्हटलं, नाही नाही, आहे, आई आहे! ती एवढी ओशाळली की मलाच तिची कीव आली. पाप! तो पेलाही मीच प्यायलो, तुझ्या नावाने.

मनगट बरं झालं की तुझ्या हाताने लिही. एक ओळ पुरे.

तुझा
भीमू


जयलक्ष्मीपुरम, म्हैसूर
३० एप्रिल १९६८

चि. भीमसेन यास,

तुझं हाकोनेचं पत्र मोठ्याने वाचलं. तुंगा मावशी उठून स्वयंपाकघरात गेली, तिला अशी पत्रं ऐकवत नाहीत, तुला माहीत आहे.

आईला पत्र आवडलं. म्हणते, देवदारांखालच्या उजेड-अंधाराचं वर्णन फार छान केलं आहेस. चित्रकाराने हाकोनेच्या डोंगराला इतके रंग का दिले असतील याचा उलगडा झाला, असं म्हणत होती.

थेसिसचं काम कुठवर आलं? लक्ष तिकडे असू दे.

अप्पा


क्योतो
२५ जून १९६८

तीर्थरूप अप्पांस,
शि. सा. नमस्कार.

सोबत कान्बाराचा मुक्काम. सगळं गाव बर्फाखाली, आणि तीन माणसं पाठीत वाकून चाललेली. दुकानदाराने माझ्यासाठी बाजूला काढून ठेवला होता. आईला दाखवा आणि ती काय म्हणते ते त्याच शब्दांत लिहा. दुकानदार वाट बघतो आहे, आणि मीही.

थेसिसची तीन प्रकरणं झाली.

आपला
भीमसेन


जयलक्ष्मीपुरम, म्हैसूर
१८ जुलै १९६८

चि. भीमसेन यास,

कान्बारा मिळाला. आईला दाखवला. ती म्हणते, बर्फ हा रंगच नाही, नुसता कोरा ठेवलेला कागद आहे, आणि तरीही तो गार लागतो. आकाशाचा काळा वरच्या कडेला दाट आणि खाली विरत आलेला, त्यामुळे घरं आपोआप उठून दिसतात. फारच संयम आहे, असं म्हणाली.

तिची तब्येत आहे तशी आहे.

अप्पा


क्योतो
३ ऑगस्ट १९६८

अप्पा,

तुमचं पत्र घेऊन मी दुकानात गेलो नाही. खोलीवर बसलो आहे.

बर्फातून तीन माणसं चालली आहेत. कोणी कोणाकडे बघत नाही. आई त्यांना पाहते आणि ती कुठे निघालीत हे विचारत नाही? त्यांच्या घरी चूल पेटली असेल का, हे विचारत नाही? ‘संयम’ हा शब्द आईने आयुष्यात कधी उच्चारलेला मी ऐकला नाही. आणि हाकोनेच्या पत्रात मी एक म्हातारी, एक भिक्षू आणि एक भांडखोर बाई पाठवली होती. तिने उजेडाबद्दल लिहवलं?

हे सगळं तुम्ही बघितलेलं आहे, अप्पा. आईने नाही.

एप्रिलपासूनची पत्रं पुन्हा वाचली. कुठेही ‘पाप’ नाही.

आई कुठे आहे?

भीमसेन


जयलक्ष्मीपुरम, म्हैसूर
२१ ऑगस्ट १९६८

चि. भीमू,

आई गेली. मार्चच्या नऊ तारखेला, सकाळी, तुंगा तिची वेणी घालत असताना.

तिच्या पोटात गाठ होती. गेल्या ऑगस्टमध्येच कळलं. डॉक्टरांनी उघडून पाहिलं आणि तसंच शिवलं. तुंगा राहायला आली ती त्यासाठी. आईने आम्हा दोघांकडून वचन घेतलं की थेसिस होईपर्यंत तुला अक्षर कळवायचं नाही. म्हणाली, “तो अर्ध्यात टाकून येईल. येऊन काय करेल, माझ्याकडे बघत बसेल.” फेब्रुवारीचं पत्र तिने पलंगावर पडल्या पडल्या सांगितलं होतं. त्यातलं एक अक्षर माझं नव्हतं.

पण शिवरात्र झाली आणि तिचं मन फिरलं. दुपारी कांजी पाजत होतो, एकदम म्हणाली, “भीमूला बोलवा.” डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आता बोटांवर मोजण्याइतकेच दिवस. मी तार ऑफिसात गेलो. रांगेत उभा राहिलो. डोळ्यांपुढे आलं की तुला तार मिळेल, तू निघशील, हाँगकाँगला नाहीतर कलकत्त्याला विमानाची वाट बघत बाकावर बसशील, एकटा, आणि इथे ती गेलेली असेल. माझा नंबर आला आणि मी मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं. घरी आलो. तिने विचारलं, “केलीत तार?” मी म्हटलं, “केली. निघाला आहे.”

त्यानंतर ती रोज विचारायची, “भीमू कुठवर आला?”

औषधांमुळे तिला विमान-बोट काही कळत नव्हतं. मला दुसरं काही सुचेना. मी पेटीतून शिमादा काढला आणि तिच्यापुढे धरला. म्हटलं, आज इथे आहे, नदी ओलांडतो आहे. तिने विचारलं, “ह्यात कोणता?” मी टोपीवाल्या एका माणसावर बोट ठेवलं. तिने खूप वेळ बघितलं. म्हणाली, “पाप, किती वाळला आहे.” मग म्हणाली, “पाणी खोल नाही ना?” मी नाही म्हटलं.

मग मारिको दाखवला. खाणावळीत बसलेला तू. तेव्हा तिला बरं वाटलं. तुंगाला हाक मारून सांगितलं, “तो जेवला.” त्या दिवशी तिने स्वतःही दोन घास खाल्ले.

शेवटी हारा. त्यात फुजीखाली दोन बायका आणि त्यांचं सामान वाहणारा एक माणूस, एवढेच आहेत. मी कोणावर बोट ठेवावं या विचारात होतो. तिने स्वतःच शोधलं आणि मान हलवली. “ह्यात भीमू नाही. पुढे निघून गेला असेल.” दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

अग्नी मी दिला. अस्थी श्रीरंगपट्टणला कावेरीच्या पश्चिमवाहिनीत सोडल्या.

त्यानंतर तुला का नाही कळवलं, हे विचारशील. वचन होतं, हे एक. पण तेवढंच नाही. तुझं हाकोनेचं पत्र आलं, वर लिहिलेलं, ‘ती. सौ. आईस’. तिच्या नावाने घरात काहीतरी आलं होतं. मी ते तिच्या रिकाम्या पलंगापाशी बसून मोठ्याने वाचलं. मग उत्तर लिहायला बसलो आणि ‘आई म्हणते’ असं लिहून झालं. तिला काय वाटलं असतं ते मला लिहिता आलं नाही. तिच्यासारखं मला दिसतच नाही. पंचवीस वर्षं शेजारी बसून एकच चित्र बघितलं, आणि ती काय बघत होती ते मी कधी बघितलं नाही.

तू मला काय वाटेल ते लिही. पण लिही.

अप्पा


क्योतो
१९ डिसेंबर १९६८

अप्पा,

तुमचं पत्र मिळून चार महिने होत आले. अनेकदा लिहायला घेतलं.

मार्चच्या नऊ तारखेला मी हाकोनेच्या प्रवासासाठी बूट विकत घेत होतो. हे डायरीत बघावं लागलं नाही, आठवलंच, कारण पाऊस होता आणि मी हसत होतो. विमानाची सोय होणार होती, अप्पा. नुसतं ‘ये’ म्हटलं असतं तर मी सुट्टीची वाट न बघता फेब्रुवारीतच तिच्याजवळ असतो. तिच्याकडे बघत बसलो असतो. तेच तर करायचं होतं.

दुकानदाराने विचारलं. त्याला सांगितलं. त्याने दुकानाचं दार लावून घेतलं आणि आम्ही आत बसून राहिलो.

थेसिस दिला. वर्षश्राद्धाला येतो. आता चित्रं पाठवणार नाही.

भीमसेन


जयलक्ष्मीपुरम, म्हैसूर
११ मार्च १९६९

चि. भीमू,

तू गेल्याला आठवडा होऊन गेला. तुंगाही काल नंजनगूडला परत गेली. घरात मी एकटा आहे, आणि जे तू समोर असताना बोलता आलं नाही ते आता लिहितो.

वर्षश्राद्धाची तिथी यंदा फेब्रुवारीतच आली; त्या दिवशी पश्चिमवाहिनीला जाताना बसमध्ये मी खिडकीपाशी आणि तू माझ्या शेजारी. मी आदल्या दिवसापासून मनात वाक्यं जुळवत होतो. बस सुटली आणि मी विचारलं, “ऊन लागतंय का? खिडकी लावू?” तू म्हणालास, “नको.” श्रीरंगपट्टण येईपर्यंत तेवढंच आपलं बोलणं. नदीत उतरून पिंड सोडताना तुझा पाय घसरला, मी दंड धरला. तू हात सोडवून घेतला नाहीस. पाण्याबाहेर आल्यावर मीच सोडला. का सोडला, कळत नाही.

तू तिच्या पलंगावर झोपलास. पहाटे मी उठलो तेव्हा तू जागा होतास, भिंतीकडे तोंड करून. मी कॉफी ठेवली आणि बाहेर गेलो. त्याच दिवशी तू सांगितलंस की तिकडच्या संशोधन केंद्रात नोकरी मिळाली आहे, आणि काही वर्षं येणं होणार नाही. मी म्हटलं, “सरी, बरं. चांगलं झालं.” चांगलं झालं असं मला वाटलं नव्हतं. शेजारच्या विशालाक्षीबाई समोर होत्या म्हणून म्हटलं.

तू पेटीही उघडली नाहीस. जाताना दारात म्हणालास, “ती चित्रं कोणाला तरी देऊन टाका.” मी हो म्हणालो. देववत नाही. बघवतही नाही. परवा एक काढून खिडकीपाशी नेलं. पहिल्यांदाच आकाश सोडून खालची माणसं बघायचा प्रयत्न केला. एक म्हातारा घोड्यामागून चालला आहे. त्याच्याकडे कितीही वेळ बघितलं तरी तो कोण आहे, हे मला कळेना. परत ठेवून दिलं.

मी तुझ्यापासून तुझ्या आईचे शेवटचे दिवस घेतले. तिला दिलेलं वचन मोडायला हवं होतं. ती स्वतः मोडायला तयार झाली होती, तरी मी मोडलं नाही. क्षमा कर, असं लिहीत नाही. ते तुझं तू बघ.

एक गोष्ट मात्र राहून गेली. त्या दिवशी स्टेशनवर बेंगळुरूची गाडी हलायच्या बेतात होती. तू डब्यातून पुन्हा खाली उतरलास आणि माझ्यापुढे वाकलास. माझ्या एका हातात तुझा कोट होता, दुसऱ्या हातात तुंगाने बांधून दिलेला पुळीओगरेचा, चिंचेच्या भाताचा डबा. मी “डबा घे, डबा घे” असं म्हणत राहिलो. तू दोन्ही घेतलंस, क्षणभर थांबलास, आणि चढलास. मग माझे हात मोकळे झाले, पण तोवर गाडी सुटली होती.

तुझ्या डोक्यावर हात ठेवायचा राहिला. आता इथूनच ठेवतो आहे. प्रकृतीला जप.

तुझा
अप्पा